खटका घ्यावा की चाकी

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
ही वही आजपासून. फक्त तांत्रिक नोंदींसाठी. घरगुती तक्रारी यात लिहायच्या नाहीत.
काल ताईकडे गेलो होतो. बाबा तिच्याकडेच राहतात. त्यांनी जुने अल्बम काढायला लावले आणि खिडकीशी बसून, मान तिरकी करून, एकेक फोटो बघितला. डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं, त्यांची मधली नजर चालली आहे, कडेचं दिसत राहील. अजून दोन-चार महिने धरा म्हणाले. अल्बम मिटून बाबा म्हणाले की बावीस वर्षांच्या फोटोंत धाकटा कुठेच नाही. धाकटा म्हणजे मी. आता फोटो काढणारा फोटोत कसा दिसणार? पण त्यांना एकच फोटो हवाय. ते, दादा, ताई आणि मी. नजर आहे तोवर बघायचाय म्हणाले.
ताई म्हणाली, त्यात काय, दादा आला की वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना बोलावू, त्या काढतील मोबाइलवर.
घरात मी असताना नर्सबाई! हसून सोडून दिलं. जरा वेळाने रागही आला.
दादा अकरा तासांचा प्रवास करून १८ तारखेला येतोय. कॅमेरा आहे. ट्रायपॉड आहे. दोघांना जोडणारा क्लॅम्प तेवढा नाही. जुन्याची प्लेट गेल्या सहलीत हरवली. (मी हरवली असं बायको म्हणते. तो मुद्दा नाही.)
दोन आठवडे म्हणजे वेळच वेळ.

६ फेब्रुवारी, मंगळवार. ऑफिस.
विषय समजून घेतला. कॅमेऱ्याच्या तळाला एक प्लेट घट्ट स्क्रू करायची. ट्रायपॉडच्या डोक्यावर क्लॅम्प. क्लॅम्पच्या जबड्यात प्लेट सरकवली की कॅमेरा बसला. सोडला की क्षणात हातात. जबडा आवळायचे दोन प्रकार. एकात खटका असतो, दाबला की खट्‌कन बंद. दुसऱ्यात गोल चाकी, ती बोटांनी फिरवत बसायची.
नेटवर फोटोग्राफरांची एक चर्चा चालते. तिथे तीनशे अकरा उत्तरं आहेत. सगळी वाचली. तिथला सर्वांत जाणकार गृहस्थ स्वतःला ‘गरुड’ म्हणवतो. त्याच्या मते चाकी हौशी लोकांसाठी.
तक्ता करायला घेतला. चौदा रकाने.
संकल्प: नेटवर रोज अर्धा तासच.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४.
एक किरकोळ घटना. साहेबांना तिमाही दाव्यांचा तक्ता पाठवायचा होता. क्लॅम्पचा गेला. दोन्हींत चौदाच रकाने, कोणाचीही चूक झाली असती. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून शांतपणे विचारलं की ‘जबड्याची पकड’ या रकान्यात आपल्या कोणत्या शाखा येतात. बाहेर चार जण ऐकत होते. मी म्हणालो, वैयक्तिक फाइल आहे. साहेब म्हणाले, ते दिसतंच आहे, मेहनत भरपूर आहे, अशी ऑफिसच्या कामात दिसू दे.
मेहनत त्यांनाही मान्य आहे, एवढं घ्यायचं. कान मात्र संध्याकाळपर्यंत गरम होते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार.
कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. ऐकून घेतलं आणि म्हणाला, फॅमिली फोटो ना? मग तुमच्या जुन्या क्लॅम्पचीच प्लेट देतो, दोन दिवसांत येईल. नाहीतर हा चाकीवाला घेऊन जा, कुठलीही प्लेट धरतो. मी त्याला सात प्रश्न विचारले. चौथ्याला त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला, सातव्याला तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. कॅमेरा आणलाय का, असं त्याने जाता जाता विचारलं. आणला नव्हता.
घरी येऊन खटक्याचा मागवला, गरुडाने सांगितलेला. प्लेट दुसऱ्या कंपनीची, वजनाला हलकी. चारला पोचेल म्हणतात. म्हणजे चार दिवसांत, असं मी धरतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार.
पार्सल नाही.
दादाला फोन करून सांगितलं की येऊ नकोस, ऑफिसात अचानक तपासणी निघाली. दादाची रजा मांडून झाली होती. तो म्हणाला, बरं. तो काहीच बोलला नाही, हे वाईट झालं. बोलला असता तर मीही बोललो असतो.
ताईने विचारलं, तपासणी रविवारी? मी म्हणालो, अचानक असते म्हणूनच तिला तपासणी म्हणतात. ती फोनवर गप्प. आमच्या घराण्यात गप्प बसायची फार वाईट सवय आहे.

४ मार्च, सोमवार.
पार्सल आलं! चारला म्हणजे चार मार्चला, हे आधी लक्षात आलं नव्हतं. क्लॅम्प हातात घेतला. काळा, गार, जड. खटका दाबला. काय आवाज! नुसत्या आवाजावर घ्यावा. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती की काय मोडलं.
नवा मुहूर्त १० मार्च. दादा रात्रीच्या गाडीने येईल.

८ मार्च, शुक्रवार.
क्लॅम्पचं खालचं भोक मोठं, ट्रायपॉडचा स्क्रू बारीक. मधे एक छोटीशी पितळी बुशिंग लागते. ती वेगळी मिळते. चौदा रकान्यांत भोकाचा रकाना नव्हता.
दादाला काय सांगू? तपासणी वापरून झाली. घसा बसलाय म्हणालो. घसा बसल्याच्या आवाजात म्हणालो. तो म्हणाला, फोटोत बोलायचं कुठे असतं? तरीही मी अडून राहिलो. मग म्हणाला की आता पुढची रजा एप्रिलातच, तीही एक दिवसाची.
बायकोने सगळं ऐकलं. तिचं म्हणणं, हे वरातीमागून घोडं झालं. पुढे म्हणाली, बाबांच्या डोळ्यांना थोडीच रजा मांडून ठेवता येते? फोन ठेवून मी बाथरूममध्ये गेलो आणि उगाच नळ सोडून उभा राहिलो.
आधी लिहिलंय की घरगुती तक्रारी नकोत. पण ही तिची तक्रार आहे, माझी नाही.

१७ मार्च, रविवार. सकाळ.
बुशिंग बसली. बैठकीत सराव. खुर्चीवर इस्त्री म्हणजे बाबा. शेजारी उभा झाडू म्हणजे दादा, उशी म्हणजे ताई. ताईला हे सांगायचं नाही. कॅमेरा चढवणे-उतरवणे, चाळीस वेळा. सर्वोत्तम वेळ एक पूर्णांक एक दशांश सेकंद.
बायको दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं की फोटो एकच काढायचा आहे, कॅमेराही एकदाच चढवायचा आहे, मग एवढ्या झटपट उतरवायचा कशाला?
उत्तर आहे. सविस्तर आहे. ती थांबली नाही.

२४ मार्च, रविवार.
सगळं सामान घेऊन ताईकडे. बाबांना दाखवावं म्हटलं. छत्तीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, लोखंडाची हौस आहे.
फार उतरले आहेत. माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघत होते. तसं केलं की चेहऱ्याचा अंदाज येतो म्हणाले. ग्लासात पाणी ओतताना बोट आत धरतात, बोटाला पाणी लागलं की थांबतात.
क्लॅम्प त्यांच्या हातात दिला. खटका दोनदा दाबला. मग प्लेट सरकवून, खटका बंद करून, नखाने कडेला चाचपलं. म्हणाले, ही प्लेट बारीक आहे, अर्ध्या मिलिमीटरने असेल. खटका आपल्या ठरलेल्या जागेपर्यंतच दाबणार, पुढे त्याला काही कळत नाही. चाकी असती तर बोटांना कळलं असतं कुठे आवळलं ते. याला पॅकिंग दे, पातळ पत्र्याचं. नाहीतर कॅमेरा आडवा केलास की सरकेल.
अर्धा मिलिमीटर, तेही नखाने! मी म्हणालो, बाबा, हे सगळं आता कॉम्प्युटरवर कापतात, तुमच्या वेळचं राहिलं नाही. आणि तुम्हाला दिसत तरी आहे का?
हे शेवटचं म्हणायला नको होतं. ताईने वर बघितलं. बाबा म्हणाले, नाही, दिसत नाही, आणि क्लॅम्प परत दिला. बराच वेळ ते रिकाम्या हाताची बोटं एकमेकांवर घासत होते.
संकल्प: पुढच्या रविवारी जाऊन नीट बोलायचं.

३१ मार्च, रविवार.
नीट बोललो नाही. ताईच म्हणाली की आठवडाभर बाबा जुना डबा कापून काहीतरी कानशीने घासत बसले होते, दोनदा बोट कापलं. निघताना त्यांनी माझ्या हातात एक काडेपेटी ठेवली. आत पत्र्याची पट्टी, बोटाएवढी, कडा गुळगुळीत. प्लेट आणि जबड्याच्या मधे घाल म्हणाले. मी हो म्हणून ती शर्टाच्या खिशात टाकली.
डब्याचा पत्रा एवढ्या मोठ्या कंपनीच्या क्लॅम्पमध्ये! गरुडाने बघितलं तर काय म्हणेल?
पण फेकली नाही. तेवढी माणुसकी माझ्यात आहे.

६ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ७.
दादा आज निघाला. उद्या सकाळी पोचतो, दुपारी चारच्या टॅक्सीने परत.
तयारी: बॅटरी दोन. कार्ड दोन. ट्रायपॉड पुसला. क्लॅम्प पुसला. पांढरा शर्ट इस्त्रीचा, बाबांनी दिलेला; त्यांची काडेपेटी त्याच्या खिशात, विचारलं तर दाखवायला.
उद्या ही बावीस वर्षांची बोच जाणार. टायमर दहा सेकंदांचा. दाबायचं, पाच पावलं, बाबांच्या खांद्यावर हात, हसायचं. इस्त्रीबरोबर तीन सेकंद शिल्लक राहत होते.

७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.
लिहायची इच्छा नाही. पण तांत्रिक नोंद म्हणून.
१२.०० ताईकडे जेवणं.
१.०० मांडणी सुरू. प्रकाश डावीकडून हवा होता. सोफा हलवला. बाबांची खुर्ची तीन वेळा हलवली, प्रत्येक वेळी ते विचारत, आता बरोबर आहे का.
२.३० दादाला शर्ट बदलायला लावला.
३.१५ दादा म्हणाला, काढ आता.
३.२० चौकट उभी चांगली दिसेल असं वाटलं. कॅमेरा कुशीवर आडवा केला. खटका तपासला. खट्‌. बंद.
३.२२ बटण दाबलं. पाच पावलं. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. बोटाला चिकटपट्टी होती.
कॅमेरा सरकताना आवाजच झाला नाही. गुळगुळीत सरकला. मी बघत होतो. सगळे बघत होते, कारण सगळ्यांना मीच तिकडे बघायला सांगितलं होतं. मग फरशीवर पडला तेव्हा मात्र मोठा आवाज झाला.
बाबांनी विचारलं, काय पडलं? मग म्हणाले, आडवा केलास का?
मी जमिनीवर. लेन्सची काच, कॅमेऱ्याचा पट्टा अडकवायचा कान तुटलेला. प्लेट एकीकडे आणि तिचा स्क्रू सोफ्याखाली कुठेतरी. आवाज ऐकून नर्सबाई खाली आल्या. ताईने त्यांच्या हातात मोबाइल दिला. दादा म्हणाला, ऊठ, उभा राहा, टॅक्सी यायची वेळ झाली. ताई म्हणाली, ऊठ रे. नर्सबाई म्हणाल्या, भाऊ, जरा वर बघा. मी तिघांनाही म्हणालो, एक मिनिट, स्क्रू सापडत नाहीये.
नर्सबाईंनी फोटो काढला.
दादा गेला. दारात माझ्या पाठीवर थोपटलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
घरी येऊन शर्ट काढताना खिशात काहीतरी खुळखुळलं. काडेपेटी.

८ एप्रिल, सोमवार. ऑफिस.
दोष कंपनीचा आहे. नेटवर सविस्तर लिहिलं, गरुडाचाही उल्लेख केला. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं: खटक्याला त्याच कंपनीची प्लेट लागते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आपण आधी नीट वाचलं नव्हतं का?
तक्ता उघडला. नववा रकाना. ‘इतर कंपनीची प्लेट चालेल का?’ खटक्यासमोर मीच लिहिलंय: सावध. लाल अक्षरांत. ठळक.
तक्ता बंद केला. मग परत उघडला आणि अख्खा पुसला. साहेबांकडे त्याची एक प्रत आहे, हे नंतर आठवलं.

१४ एप्रिल, रविवार. सकाळ.
आज ताईकडे जायचं होतं. पाय निघेना. डोकं दुखतंय असं कळवलं. खरंच दुखत होतं, कळवल्यानंतर.
बायको बाजारात गेल्यावर काडेपेटी उघडली. पट्टी प्लेटच्या कडेला लावून जबड्यात सरकवली. खटका दाबला. या वेळी आवाज वेगळा आला, छोटा आणि भरीव. मग उलटा धरला. हलवला. दोन्ही हातांनी प्लेट ओढली. तसूभर हलेना. अर्धा मिलिमीटर, बरोब्बर.
ट्रायपॉडवर तो चढवला आणि समोर बसून राहिलो. क्लॅम्प आहे, प्लेट आहे, पकड उत्तम आहे. कॅमेरा नाही. प्लेटला स्क्रू नाही.
दिसत तरी आहे का, असं मी त्यांना विचारलं होतं. हे वाक्य आठवलं की मी अजूनही खोलीत मोठ्याने खाकरतो, म्हणजे ते ऐकू येत नाही.
बायको परत आली तेव्हा मी तिथेच होतो. तिने ट्रायपॉडकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. चहा आणून ठेवला.

२१ एप्रिल, रविवार. दुपारी ३.
गेलो. जावंच लागलं, ताईने फोटो मोठा करून फ्रेम केलाय आणि बाबा मला बोलावत होते.
फ्रेम त्यांच्या मांडीवर होती. म्हणाले, मला सांग, कोण कुठे आहे.
मी शेजारी बसून सांगितलं. मधे तुम्ही, खुर्चीत. डावीकडे ताई, निळ्या कपड्यांत. उजवीकडे दादा, घड्याळाकडे बघतोय.
आणि तू?
ताई चहा करायला आत होती. मी म्हणालो, मी तुमच्या मागे. सरळ उभा. तुमच्या खांद्यावर हात आहे. हसतोय.
बाबांनी फ्रेम उचलली, मान तिरकी केली, फोटोच्या बाहेर कुठेतरी नजर लावून बराच वेळ बसले. मग म्हणाले, चेहरे आता कोणाचेच कळत नाहीत. ताईचा नाही, दादाचा नाही. मागच्या महिन्यापर्यंत कळत होते थोडे. ते तू सांगतोस तसं धरतो. पण इथे खाली, कोपऱ्यात, एक वाकलेली पाठ आहे ना? कारखान्यात माझा डबा घेऊन यायचास, तेव्हा लेथखालचा कीस वेचायला असाच वाकायचास. मी हाक मारली तरी वर बघायचा नाहीस. अख्ख्या फोटोत मला तेवढं एकच माणूस ओळखू आलं.
त्यांनी बोटाने ती जागा दाखवली. बरोबर माझ्या पाठीवर.
हो बाबा, म्हणालो. आवाज बसला होता, या वेळी खरोखर.
मग त्यांनी विचारलं, स्क्रू सापडला का?
नाही, म्हणालो.
सोफ्याखालीच असेल, बघ, म्हणाले. मी उठलो आणि खाली वाकलो. ताई चहा घेऊन आली तरी वर बघितलं नाही.